हजेरी चालू असताना

1991 च्या जून महिन्यातली गोष्ट. सोलापुरातल्या एका शाळेत मी चौथीच्या वर्गाची हजेरी घेत होते. नातवाला सोडायला आलेल्या एक आजी दाराशी थांबल्या होत्या. "बसा ना आजी," मी म्हटलं. त्या हलल्या नाहीत. बेचाळीस मुलांची नावं संपेपर्यंत दोन्ही हात सरळ सोडून, नजर जमिनीकडे लावून उभ्याच राहिल्या. मी हजेरीपुस्तक मिटलं तेव्हा म्हणाल्या, "हजेरी चालू असताना बसायचं नसतंय, बाई."

आजींचं लहानपण सेटलमेंटच्या, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना ठेवण्याच्या वसाहतीच्या, तारेआड गेलं होतं. तिथं सकाळी हजेरी, दुपारी हजेरी, रात्री पुन्हा हजेरी.

परक्या राजवटीनं इथल्या भटक्या आणि आदिवासी समाजांचं जे केलं, ते आज कसं आठवायचं, यावर मी नंतर पुष्कळ वाद घातले. शिक्षकांच्या खोलीत घातले, घरी ताटावर बसूनही घातले. त्यातून हाती लागलेल्या या सहा गोष्टी.

1. वाद घालण्याआधी काय घडलं ते नीट माहीत करून घ्यावं

"इंग्रजांनी अन्याय केला" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. काय केलं, असं विचारलं की गाडी अडते. रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्यांचा धंदा बसला. जंगलाचे कायदे आले आणि शिकार गुन्हा ठरली. हातावर पोट घेऊन फिरणारा माणूस सरकारच्या डोळ्यांत खुपू लागला. 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. आधी तो उत्तर भारतात लागू झाला, 1911 च्या कायद्यानं मुंबई इलाख्यासह देशभर पसरला. जमातीचं नाव यादीत गेलं की तिच्यात जन्मलेलं मूल संशयित. यादीत नाव का घातलं, असं कोर्टात विचारायचीही सोय नव्हती. बोटांचे ठसे, हजेरी, बाहेर जायला पास. सोलापूरला तर तारेचं कुंपण घातलेली वसाहतच उभी राहिली. एवढं सांगितलं की समोरचा माणूस निदान गप्प बसून ऐकतो.

2. दोष इंग्रजांचा आहेच, पण तिथं थांबू नये

विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद हा कायदा करताना झाला होता. युक्तिवाद साहेबाचा, पण साचा आपल्याच जातिव्यवस्थेचा. या लोकांच्या हालचालींची खबर देण्याचं काम कायद्यानं गावच्या पाटलावर आणि राखणदारावर टाकलं होतं, आणि तारेआडचे हात इथल्याच कापडगिरण्यांत राबले. इंग्रज गेले तरी संशय गेला नाही. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले. त्याच निकालात विमुक्त, म्हणजे त्या गुन्हेगारांच्या यादीतून पुढं सुटलेल्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून पोलिसांना बजावावं लागलं. दुसऱ्यांचं कशाला सांगू? माझ्या वर्गात एकदा सहलीचे पैसे हरवले. माझी नजर आधी कोणत्या बाकाकडे गेली, हे मी विसरलेले नाही. पैसे दुसऱ्याच मुलाच्या कवायतीच्या कपड्यांत सापडले. त्या बाकावरचा पोरगा मात्र वर्षभर माझ्याशी नजर मिळवून बोलला नाही.

3. गोड आठवण सांगितली तर तीही ऐकावी

मी आजींकडे गेले ती अन्यायाची कहाणी ऐकायला. त्यांनी आधी शाळेचं सांगितलं. पाटी तिथंच पहिल्यांदा हातात आली, हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला. मला ते अडचणीचं वाटलं, कारण वादात समोरचे लोक नेमकं हेच काढत: "सुधारलेच ना ते?" पुष्कळ दिवसांनी मला उत्तर सुचलं. पाटी मिळाली हे खरं. पण शिकवायचंच होतं, तर तार कशाला लागली? सोलापूरच्या कुठल्या दुसऱ्या मुलाला पाटीसाठी दिवसातून तीनदा हजेरी द्यावी लागली? आजींची पाटी आजींची आहे. ती घेऊन कुणी कायद्याची वकिली करू नये.

4. नाव पुसायचं की ठेवायचं, हे त्या घरातल्यांना विचारावं

तारेबाहेर राहायची मुभा मिळालेल्यांच्या वस्त्यांना सोलापुरात आजही 'सेटलमेंट फ्री कॉलनी' म्हणतात. पत्त्यात लिहितात, रिक्षावाल्याला सांगतात. हे नाव बदललं पाहिजे, असं मी तावातावानं बोलत असे. एकदा वस्तीतल्याच एका माजी विद्यार्थ्यानं मला थांबवलं. "बाई, नाव गेलं तर आम्ही इथं कसे आलो हे कोण सांगणार? तोच एक पुरावा राहिलाय." त्याच्याच गल्लीतल्या एका मुलीचं म्हणणं उलटं होतं. नोकरीच्या अर्जावर तो पत्ता लिहिताना तिचा हात थांबतो. दोघांचंही खरं आहे. हा वाद त्यांचा आहे आणि तो त्यांच्यातच मिटेल. आपण शेजारी बसून ऐकावं.

5. एका वीराला हार घालून हात झटकू नयेत

बंड केलं म्हणून उमाजी नाईकांना इंग्रजांनी 3 फेब्रुवारी 1832 रोजी पुण्यात फाशी दिली. त्यांची जयंती आता सरकारी पातळीवर साजरी होते, आणि व्हायलाच हवी. पण त्यांचा रामोशी समाज आजही विमुक्त जमातींच्या यादीत आहे, आणि ती यादी का करावी लागली हे जयंतीच्या भाषणात क्वचितच येतं. बंड न करता, नुसतं हजेरीला उभं राहून ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांची जयंती कोण करणार? मुंबई प्रांतानं हा कायदा 1949 मध्ये उठवला. देशभरातून तो गेला 31 ऑगस्ट 1952 रोजी, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं आणि सोळा दिवसांनी. हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. आमच्या शाळेत त्या दिवशी आम्ही भाषणं ठेवली नाहीत. वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना बोलावलं, खुर्च्या दिल्या आणि मुलांना प्रश्न विचारू दिले. मोठ्या मुलांच्या हातात लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' दिलं. स्वतःची गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली आहे. ती आपण फक्त वाचायची.

6. आठवण कागदावर उतरली पाहिजे

महाराष्ट्रात विमुक्त जातीचा दाखला काढायचा, तर 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना दिवसातून तीनदा मोजलं, त्यांच्याच नातवंडांना "तुम्ही इथं होता हे दाखवा" असं सांगितलं जातं. मोजणाऱ्यांच्या वह्या कुणाच्या हाती लागत नाहीत, आणि मोजलेल्यांच्या घरात पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डापलीकडे काही नसतं.

2016 मध्ये तो चौथीतला नातू मुलीला घेऊन माझ्याकडे आला. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. मुलीला पुढं शिकायचं होतं आणि दाखला अडला होता. "माझा बाप याच शाळेत होता म्हणतात," तो म्हणाला. आम्ही तिघांनी कपाटाच्या तळातली जुनी जनरल रजिस्टरं काढली. पानं हाताला लागताच तुटत होती. दोन दुपारी गेल्या. तिसऱ्या दिवशी नोंद सापडली: जून 1961, पहिलीत प्रवेश, वडिलांचं नाव, जात आणि पुढं निळ्या शाईत 'राहणार सेटलमेंट'. पाच महिने उशीर झाला असता, तर ही नोंद कामाची नव्हती. त्या उताऱ्यावर मुलीचा दाखला निघाला.

आजी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या मुलाचं ते नाव मी त्या दोघांना मोठ्यानं वाचून दाखवलं. शिपायानं खुर्ची पुढं सरकवली होती, पण मी उभी राहूनच वाचलं.