परक्या गावात रुजताना : आनंदीबाई जोशी आणि आपल्या वर्गातलं नवं लेकरू



मागच्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा आईवडिलांसोबत पुण्याला गेला. हुशार पोरगा, पाढे तोंडपाठ. दिवाळी झाली तसा आजीकडे देवणीला परत आला, पुन्हा माझ्याच वर्गात. मी विचारलं, "का रे, आलास का परत?" तो खाली बघत म्हणाला, "मॅडम, मी बोललो की पोरं हसायलेत. मंग मी बोलायचंच सोडलो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्याच वेळी माझ्या वर्गात, शेवटच्या रांगेत, भालकीकडून आलेली एक मुलगी बसत होती. घरी कानडी बोलणारी. जूनपासून ती गप्पच होती आणि मी तिला 'शांत मुलगी' म्हणत होते. पुण्यातल्या पोरांनी जे केलं, ते मी न हसता करत होते.

म्हणून हा पाठ घेतला. त्यासाठी गोष्ट निवडली ती आनंदीबाई जोशी यांची.

गोष्ट कशी सांगितली

आनंदीबाई पहिल्या महिला डॉक्टरांपैकी एक, हे मुलांना माहीत असतं. मी डॉक्टरकीपासून सुरुवात केली नाही. मी विचारलं, "अठरा वर्षांची एक मुलगी अमेरिकेला गेली. तिथं पहिल्या दिवशी ती काय खाईल? काय नेसेल? कोणाशी बोलेल?" वर्ग एकदम जागा झाला.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला. 1880 मध्ये बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आलं. न्यू जर्सी राज्यातल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी ते दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचलं आणि आपण होऊन पत्र पाठवलं. पुढची तीन वर्षं पत्रं येत-जात राहिली. आनंदीबाई या अनोळखी बाईंना मावशी मानू लागल्या.

इथं मी फळ्यावर लिहिलं : गावाला जाण्याआधी त्या गावात एक ओळखीचं माणूस.

7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून बोटीनं निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. कार्पेंटरबाई घ्यायला आल्या होत्या. उन्हाळा त्यांच्याच घरी गेला. तिथली वागण्याबोलण्याची पद्धत आनंदीबाईंनी पाहिली, आणि आपले पदार्थ करून त्या घरच्यांना वाढलेही. म्हणजे फक्त शिकल्या नाहीत, शिकवलंसुद्धा.

थंडी, लुगडं आणि चूल

खरी परीक्षा फिलाडेल्फियात झाली. 1883 च्या शरद ऋतूत त्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हानियामध्ये दाखल झाल्या. डीन रेचल बॉडली यांनी त्यांना मदत केली. पण रोजचं जगणं अवघडच. खोलीतली शेकोटीची चूल नीट जळायची नाही. पेटवली तर धूर, न पेटवली तर गारठा. शाकाहारी जेवणाचं अभ्यासातून वेळ काढून जुळवावं लागे.

नऊवारी लुगड्यात पाय उघडे राहत. त्या बर्फाळ हवेत ते कसं चालणार? मुलांना विचारलं, "तुम्ही काय केलं असतं?" अर्धे म्हणाले, तिथल्यासारखा झगा घालायचा. अर्धे म्हणाले, लुगडंच नेसायचं, मग काही होवो. आनंदीबाईंनी विचार करून मधली वाट काढली. पाय झाकणारी गुजराती पद्धतीची साडी त्या नेसू लागल्या. साडी सोडली नाही, पण थंडीशी भांडतही बसल्या नाहीत.

दुसरं वाक्य फळ्यावर गेलं : काय बदलायचं आणि काय जपायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

मग 1885 सालचं एक छायाचित्र दाखवलं. त्यात त्याच कॉलेजच्या तीन विद्यार्थिनी आहेत. भारताच्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लाम्बूली. तिघींच्या अंगावर आपापल्या देशाचे कपडे. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, तिघीबी नव्याच होत्या की!" बरोबर बोलला. नव्याला नव्याची सोबत लवकर होते.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही ठरली. पण मुळात नाजूक असलेली तब्येत क्षयानं पार ढासळली आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. हे मुलांपासून लपवलं नाही. जिद्द असली की सगळं निभतं, असं आपण सहज सांगून जातो. जिद्दीला ऊबही लागते, वेळेवर जेवण लागतं, "बरं आहे ना?" असं विचारणारं कोणी लागतं. मावशींची माया आनंदीबाईंना लाभली, पण धुराच्या त्या खोलीत रात्री त्या एकट्याच असत.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथं त्या घराच्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. परक्या मुलीला इतकं आपलं मानलं.

वर्गात घेतलेले उपक्रम

1. *पत्रलेखन* : 'देवणीला राहायला येणाऱ्या मित्रास पत्र.' बाजार कधी भरतो, पाणी कधी येतं, कोणत्या गल्लीत कुत्रं मागं लागतं, सगळं लिहायचं. पोरांनी पानं भरून लिहिली.
2. *सोबती* : नव्या मुलासोबत आठवडाभर एक सोबती. डबा खाताना, नळावर, घरी जाताना बरोबर राहायचं.
3. *तीन शब्द* : नव्या मुलानं त्याच्या बोलीतले तीन शब्द रोज वर्गाला शिकवायचे.

तिसऱ्या उपक्रमात भालकीची मुलगी पहिल्यांदा फळ्यापाशी आली. 'नीरु' म्हणजे पाणी, 'मने' म्हणजे घर, 'ऊटा' म्हणजे जेवण. पुण्याहून आलेल्या मुलानं मोठ्यानं विचारलं, "ऊटा झालं का?" सगळा वर्ग हसला. ती पण हसली. हे हसणं वेगळं होतं.

पालकांसाठी दोन शब्द

कामासाठी पुण्याला, हैदराबादला जावं लागतं, ते कोणाच्या हातात नाही. पण जाण्याआधी लेकराला सांगा, कुठं जायचं, कोण भेटणार, शाळा कुठली. तिथल्या गुरुजींना, बाईंना पहिल्याच आठवड्यात स्वतः भेटा. आणि आपल्या बोलीची लाज लेकराला वाटू देऊ नका.

आणि आपण शिक्षकांनी उद्या हजेरी घेताना एकदा शेवटच्या रांगेकडे बघूया. तिथं गप्प बसलेलं लेकरू शांत आहे, की नवं आहे?