अपाकचा शेरा आणि दुसऱ्या पानावरचा शब्द

बाई, काल रात्री तू मोबाइलवर पाठवलेला कागद दोनदा वाचला. भाऊ म्हणाला ना, "सातबाऱ्यावरचा अपाक कमी करायचा आहे, फक्त सही पाहिजे"? तुझ्या हाती दिलेला कागद मात्र त्याचा नाहीच. ते हक्कसोडपत्र आहे.

2009 साली बाबा गेले तेव्हा तू बारा वर्षांची. दर्यापूरकडच्या वावराच्या सातबाऱ्यावर तुझ्या नावापुढे पटवाऱ्यानं लिहिलं 'अ.पा.क. आई'. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं, बुद्धीशी काही संबंध नाही! हा शेरा काढायला वयाचा पुरावा जोडून एक अर्ज पुरतो. फेरफार होतो, नाव तुझंच राहतं.

आता दुसरं पान उघड. 'लिहून देणार' खाली तू, 'लिहून घेणार' खाली एकटा भाऊ. त्याखाली 'कोणताही मोबदला न घेता, स्वखुशीने, माझा अविभक्त हिस्सा'. अविभक्त म्हणजे वाटणी न झालेला. अर्जनवीस 'स्वखुशीने' सवयीनं टाकतो, पण उद्या कोर्टात तोच शब्द तुझ्यावर उलटतो. दुय्यम निबंधकासमोर फोटो, अंगठा झाला, "मजकूर मान्य आहे का?" ला तू मान हलवलीस, की तो दस्त तुझ्या एकटीच्या म्हणण्यानं रद्द होत नाही. फसवलं म्हणून दिवाणी दावा लावायचा, तर तो कळल्यापासून 3 वर्षांच्या आत.

हे मला कसं ठाऊक? माझ्या लग्नाच्या वर्षी मीही अशीच मान हलवली होती. आई शेजारच्या बाकावर पदर सावरत बसली होती. 'लिहून घेणार'मध्ये तिचंही नाव घालता आलं असतं, हे मला फार उशिरा कळलं. तुझा हिस्सा वाचला तो तू अज्ञान होतीस म्हणून. कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलासुद्धा तो सोडता येत नव्हता.

"लग्न झालेल्या पोरीचा कसला हक्क" असं काकू म्हणतील. म्हणू दे. वावर बाबांनी स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र नाही. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं आई, मुलगा, मुली सारख्याच वाटेकरी. वडिलोपार्जित असतं तरी 2005 च्या दुरुस्तीनं मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली आहे.

भावाला मी वाईट म्हणत नाही. खारपाणपट्ट्यात तूर-पऱ्हाटी काढणं सोपं नाही, आणि दर वर्षी पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या जमवताना त्याचा जीव मेटाकुटीला येतो. पण त्यासाठी संमतीपत्र देता येतं. मुखत्यारपत्र मागितलं तर त्यात 'विक्री', 'गहाण' हे शब्द आहेत का ते पाहा, असले तर काढायला लाव. आणि सगळं समजून त्याला हिस्सा द्यायचाच असेल तर खुशाल दे, मी आड येणार नाही.

रविवारी सकाळच्या गाडीनं अकोल्याला येते. सातबारा आणि आठ-अ काढून ठेव, शाळा सोडल्याचा दाखलाही. आईशी मीच बोलते, तू तिच्यापुढे हा विषय काढू नको.