जुन्या पद्मिनीचे मूळ हेड : खर्चाचा हिशेब

सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापिली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून २०२३ च्या ऑक्टोबरात गेली. सुटे भाग आता दुर्मिळच होणार. ज्या बंधूंच्या घरी ही गाडी सांभाळलेली असेल, त्यांच्यासाठी आम्ही गोडादऱ्याचे धान्य-व्यापारी हा हिशेब मांडीत आहो.

या इंजिनाचे हेड ॲल्युमिनियमचे, ब्लॉक ओतीव लोखंडाचा. ॲल्युमिनियम उष्णतेने अधिक प्रसरण पावते. पाणी आटून इंजिन तापले की हेड वाकते, गॅस्केट जळते, प्रसंगी चीर जाते. कारागीर लगेच ‘फेस मारून घ्या’ म्हणतो. तेथे थांबावे. पोत्यातला नमुना हाती घेतल्यावाचून आपण भाव बोलत नाही. हेड खोलून, धुऊन, दाबाखाली चीर तपासावी. सरळ पट्टी व फीलर गेज लावून बाक मोजावा. एवढ्याचीच मजुरी आधी द्यावी.

चीर व्हॉल्व्हच्या सीटपर्यंत पोचली असेल, तर वेल्डिंग, नवी सीट, पुन्हा फेस, पुन्हा तपासणी असा खर्च वाढतच जातो. शिवाय प्रत्येक घासणीने दहनकक्ष लहान होऊन कॉम्प्रेशन वाढते. गेलेला धातू परत येत नाही. गाइड, व्हॉल्व्ह, गॅस्केट व उघडझाकीची मजुरी यांचा आकडा निराळा व लेखी मागावा.

चीर नसल्यास मूळ हेडच राखावे, असे आमचे मत. जुन्या बाजारातले दुसरे हेड पूर्वी किती वेळा घासले गेले, हे विकणारा क्वचितच सांगतो. तेही तपासूनच पैसे मोजावे.