सीझनमध्ये लॉन जपायचं कसं? गोल्फ कोर्सकडून एक धडा

नागाव, काशीद, दिवेआगरला होमस्टे सुरू करायचाय? मग लॉनचा हिशोब आधी मांडा.

स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स समुद्राकाठच्या वाळूवर आहे. अशा गोल्फ कोर्सला ‘लिंक्स’ म्हणतात. थंडीत तिथलं गवत वाढत नाही, उखडलेली जागा भरून येत नाही. म्हणून हिवाळ्यात फेअरवेवर चेंडू छोट्या मॅटवर ठेवून मारतात. खेळ चालू राहतो, गवतही वाचतं.

आपल्याकडे थंडी कमी. तरी डिसेंबरात हरळीची वाढ मंदावते आणि नेमकी तेव्हाच नाताळ, थर्टी फर्स्टची गर्दी येते. म्हणून तीन कामं करा:

1. जड काम सीझनआधी. पावसाचा जोर ओसरला की जमिनीला भोकं पाडा, वर चाळलेली वाळू पसरा. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं.

2. सीझनमध्ये भार वाटून द्या. टेबल-खुर्च्या दर आठवड्याला हलवा. जिथून लोक रोज जातात तिथे जांभ्याची पायवाट करा. गवत फार बारीक कापू नका.

3. खर्च भाड्यात धरा. समजा, माळी, पाणी, खत मिळून वर्षाला 36,000 रुपये लागतात आणि 120 रात्री बुकिंग होतं. म्हणजे रात्रीमागे 300 रुपये. हे धरले नाहीत, तर ते तुमच्या नफ्यातूनच जाणार.

फोटोतली हिरवळ बघून गिऱ्हाईक येतं. जानेवारीत आलेल्यालाही तीच दिसली पाहिजे. आजच वहीत तुमचा आकडा काढा!