वस्तू आणि तिची हकीकत

एरंडोल हे गाव एके काळी देशी कागदाकरिता नावाजलेले होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल? १९०८ साली छापलेल्या 'इंपीरियल गॅझेटियर'मध्ये, येथील जाडाभरडा कागद पूर्वी प्रसिद्ध होता आणि तो धंदा अद्याप थोडाबहुत चालतो, अशी नोंद आहे. पुढे गिरणीच्या स्वस्त कागदाने देशभर हातकागदाचे धंदे बसविले. कागद करणारे हात थांबले. परंतु त्या हातांनी केलेला कागद कोठे गेला? ज्या गावाने इतरांस लिहावयास कागद पुरविला, त्या गावाच्या कागदाचा एक ताव तरी आज आपण निश्चयाने दाखवू शकू काय?

हा प्रश्न आम्हांस एका चुकीमुळे सुचला. काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेत जुन्या वस्तूंचे लहानसे प्रदर्शन मांडले. मुलांनी उत्साहाने समया, अडकित्ते, नाणी, मापे आणली. एकाने आपले तांब्याचे नाणे शोभून दिसावे म्हणून चिंच व राख लावून घासले. नाणे लखलखले, पण त्यावरील झिजलेली अक्षरे अधिकच पुसट झाली. दुसरी चूक आमची स्वतःची आणि याहून मोठी होती. कोणीतरी हिशेबाची जुनी चोपडी आणली होती. कागद जाड व घोटीव, लिपी मोडी. तिच्यावरील नावाची चिठ्ठी आवराआवरीत हरवली. ती कोणाच्या घरची, कोणत्या गावची, परत कोणास द्यावी, काहीच कळेना. कदाचित तो कागद एरंडोलचाच असेल! परंतु त्या 'कदाचित'च्या पुढे आम्हांस एक पाऊलही टाकता आले नाही. चोपडी हाती राहिली आणि तिची हकीकत गेली.

संग्रहालयाची विद्या येथूनच सुरू होते. काचेच्या कपाटात वस्तू नीट मांडणे हा तिचा शेवटचा भाग. पहिला भाग म्हणजे नोंदवही. वस्तू हाती येताच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, तिला एक क्रमांक द्यावा. सालाचा आकडा व त्या सालातील अनुक्रम, उदाहरणार्थ २०२५/७, एवढे पुरे. हाच क्रमांक वस्तूवरही घालावा. कागदावर तो मागील कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहावा. शाईने कधीही नाही. भांड्याच्या बुडाशी पारदर्शक रोगणाचा लहानसा पट्टा देऊन त्यावर लिहावा, म्हणजे पुढे तो काढता येतो. वस्त्रास क्रमांकाची फीत दोन टाक्यांनी जोडावी.

मग नोंदवहीत तीन रकाने आखावेत. पहिल्यात, देणाऱ्याने काय सांगितले ते: वस्तू कोणाची, कोठून आली, कशास वापरीत. दुसऱ्यात, आपण स्वतः काय पाहिले ते: लांबी, रुंदी, वजन, अक्षरे, आणि असलेली चीर वा भोकही, म्हणजे पुढील मोडतोड नवी की जुनी हे कळते. तिसऱ्यात आपला तर्क. हे तीन रकाने एकमेकांत मिसळू न देणे, हेच या विद्येचे मर्म होय. आजोबांची आठवण, डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट आणि मनाचा अंदाज या तिघांचे मोल निराळे आहे.

पाहण्याचाही अभ्यास लागतो. हातकागदाचा ताव उजेडासमोर धरला असता पुष्कळदा त्यात बारीक समांतर रेषा दिसतात. कागद करणारा चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवून काड्यांच्या चाळणीवर उचलून घेई. त्या काड्यांच्या या खुणा. वाळलेल्या तावास खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटीत, म्हणून त्यावर बोरू अडखळत नसे. लेखावर शक असेल तर त्यात ७८ मिळवावे म्हणजे इसवी सन येतो. मात्र १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या तिथीस ७९ मिळवावे लागतात. मोडी वाचता आली तर आणखी किती दारे उघडतील, हे सांगावयास नकोच.

हे काम केवळ मोठ्या शहरांतील विद्वानांचे, असे कोणी समजू नये. आपल्या खानदेशातच त्याचा उत्तम धडा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे तपाशीत. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे ती २२ खंडांपर्यंत गेली. जी पत्रे वाण्याच्या दुकानी पुड्यांस गेली असती, ती अशा रीतीने इतिहासाची साक्ष देऊ लागली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे देहावसान झाले आणि १९२७ साली तेथेच राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. विद्यार्थ्यांनी एकदा तरी ते पाहून यावे.

पालकांसही आमची विनंती आहे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरील बोचके रद्दीत घालण्यापूर्वी ते एक दिवस मुलाच्या हाती द्यावे. फाटक्या पानास चिकटपट्टी लावू नये, तांब्यापितळेची जुनी वस्तू घासू नये. कागद सुती रुमालात बांधून ओल, ऊन व वाळवी यांपासून दूर ठेवावेत. आपले पूर्वज दप्तरे रुमालातच बांधीत. शेतात नाण्यांचे गाडगे सापडल्यास मात्र ते घरी ठेवू नये. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळवावे. आणि घरातील वडील माणसे आहेत तोवर वस्तूंची हकीकत त्यांच्या तोंडून लिहून घ्यावी. वस्तू शंभर वर्षे वाट पाहील, माणूस पाहत नाही.

ती चोपडी आजही शाळेच्या कपाटात रुमालात बांधून ठेविली आहे. नोंदवहीतील तिचा पहिला रकाना कोराच आहे. ज्यांच्या घरची ती असेल त्यांनी अवश्य यावे आणि आपली चोपडी घेऊन जावी. मात्र जाण्यापूर्वी घटकाभर बसून तो रकाना भरून द्यावा.