वाघाच्या तोंडातून सुटलेली चांदी

जुन्नरकडं आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसातच वाघीण पिल्लं घालू लागली. त्याच उसाच्या कडेनं शेळ्या राखत माझी बावीस वर्षं गेली. त्यात जे उमगलं ते सांगते.

१. एका कळपातल्या सगळ्या शेळ्यांची भीती सारखी नसते. एकदा दिवेलागणीला वाघानं माझ्या चांदी शेळीची मान धरली. आम्ही ओरडत धावलो, तेव्हा तिला बांधावर टाकून तो उसात शिरला. टाके पडले, महिन्यात जखम भरली. पण चांदी त्या बांधाकडं पुन्हा गेली नाही. बाकीच्या आठजणी तेव्हा दहा पावलांवरच होत्या. त्या चार दिवस बुजल्या आणि पाचव्या दिवशी तिथलंच गवत खाऊ लागल्या. चांदी मात्र दोन घास घेते, मान वर करते, कान उसाकडं लावते, मगच तिसरा घास. पाचट वाजलं की पुढचा पाय आपटते, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढते. चरणं कमी झालं तसं दूधही आटलं. वाघानं तिचं काय नेलं, ते मला रोज धार काढताना दिसायचं. विकून टाक म्हणणारे भेटले. मी नाही विकली.

२. करडू आईचे कान बघून शिकतं. चांदीच्या पाठीनं, म्हणजे तिच्या लेकीनं, वाघ कधी पाहिलेला नाही, तरी आई थांबते तिथंच तीही थांबते.

३. अमेरिकेत यलोस्टोनमध्ये १९९५ साली लांडगे पुन्हा आणून सोडले. त्या भागात जोएल बर्गर या अभ्यासकानं मूस हरणांच्या माद्यांना लांडग्यांचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला. ज्यांची पिल्लं लांडग्यांनी नेली होती, त्या आया सर्वांत जास्त सावध झाल्या. हे वाचलं त्या दिवशी मी चांदीच्या गळ्यात हात टाकून बराच वेळ बसले.

४. कुत्र्याचं उलटं झालं. वाघाच्या पंजातून वाचल्यापासून आमचा कुत्रा रात्री भुंकतच नाही, गुपचूप उंबऱ्याशी येऊन अंग चोरतो. धनगरांच्या कुत्र्यांसारखा खिळ्यांचा पट्टा त्याच्या गळ्यात मी आधीच घालायला हवा होता.

५. संध्याकाळी परतताना वळणावर चांदी अडली, तर तिला ओढायचं नाही. मी बॅटरी लावते, मोठ्यानं बोलते आणि ती पाऊल उचलेपर्यंत उभी राहते.