अस्थिभग्नातील मांसरस : पाया सूपचा सल्ला देताना

हाड मोडलेला रुग्ण प्लास्टर घालून घरी आला की शेजारपाजारचा पहिला सल्ला पाया सूपचा असतो. पुढे हाच प्रश्न वैद्याला आणि औषधी दुकानदारालाही विचारला जातो आणि ‘हो, चालेल’ एवढ्यावर विषय संपतो. आमच्या मते तो तेथे संपू नये.

सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्नचिकित्सेचा आहे. त्यात भग्नाच्या रुग्णास शाली, मांसरस, दूध, तूप आणि सतीनाचा म्हणजे वाटाण्याचा यूष द्यावा असे सांगितले असून लवण, कटू, क्षार, अम्ल आणि रूक्ष अन्न वर्ज्य केले आहे. आता आपल्याकडील पाया सूप आठवावे. लाल तिखट, गरम मसाला, भरपूर मीठ, वर लिंबू आणि तेलाचा तवंग! नाव पथ्याचे आणि घटक अपथ्याचे, अशी ही स्थिती आहे. हाडांतील कॅल्शियम उतरावे म्हणून पाण्यात शिरका घालण्याची परदेशी पद्धतही अलीकडे आपल्याकडे रुजली आहे. तीही या अम्लनिषेधात बसत नाही.

कॅल्शियमची समजूतच मुळात तपासली पाहिजे. अस्थीतील खनिज भाग पाण्यात फारच थोडा उतरतो. 250 मि.लि. गाईच्या दुधात सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सूपमध्ये त्याचा लहानसा अंश असतो. म्हणून सूप सुरू झाले या कारणाने अस्थिरोगतज्ज्ञांनी दिलेले कॅल्शियम वा ‘ड’ जीवनसत्त्व रुग्णास बंद करू देऊ नये. सूपमध्ये जे उतरते ते कूर्चा, स्नायू व त्वचा यांतील कोलॅजेन, जे दीर्घकाळ शिजल्यावर जिलेटिन होते. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात समान द्रव्याने समान धातूची वृद्धी सांगताना अस्थीसाठी तरुणास्थी सांगितली आहे, कठीण अस्थी नव्हे, हे येथे मुद्दाम ध्यानात घ्यावे. म्हणूनच नुसत्या नळीच्या हाडांपेक्षा सांध्यांसह असलेले पाय श्रेष्ठ. मात्र जिलेटिन हे परिपूर्ण प्रथिन नाही. त्यात ट्रिप्टोफॅन नसते. तेव्हा वरण, अंडे वा मांस यांची जागा सूप घेऊ शकत नाही.

प्राणी बोकडच घ्यावा. आजमांस अतिशीत, अतिगुरू वा अतिस्निग्ध नाही, ते शरीरधातूंशी समान असल्याने अनभिष्यंदी व बृंहण आहे, असे चरकमत आहे. भाजून, खरवडून, तुकडे केलेले पाय अर्धा किलो घ्यावेत. गरम पाण्याने धुऊन, पाच मिनिटे उकळून ते पहिले पाणी टाकून द्यावे. मग स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात दोन लिटर पाणी घालून मंद आचेवर ठेवावे. पहिल्या अर्ध्या तासात वर येणारा फेस काढत राहावे. चार तासांत पाणी सुमारे अर्ध्या लिटरवर येते. कुकरमध्ये कमी पाण्यात पाऊण ते एक तास पुरतो. फडक्याने गाळून, निवल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे. सकाळी वरचा मेदाचा थर सहज निघतो आणि खालचा रस थरथरता, गोठलेला दिसतो. तो तसा गोठला नाही तर पाणी जास्त झाले किंवा पाक अपुरा राहिला असे समजावे. हा रस दोन दिवसांत संपवावा आणि प्रत्येक वेळी उकळूनच द्यावा.

सिद्धिस्थानाच्या पहिल्या अध्यायात संसर्जनक्रमातील रस आधी अकृत व मग कृत दिला आहे. तोच क्रम आम्ही येथे पाळतो. पहिले दोन दिवस 50 मि.लि. नुसता रस दुपारच्या भाताबरोबर देतो. भूक टिकली, जीभ स्वच्छ राहिली, मल बांधून झाला तर 100 मि.लि.पर्यंत वाढवून तुपात जिऱ्याची फोडणी आणि चिमूटभर सैंधव सांगतो. याच जेवणात दूध नको. सुश्रुतोक्त यादीत दोन्ही असली तरी ग्राम्य मांस व दूध यांचा संयोग विरुद्ध आहे. लाक्षादी गुग्गुळ दुधाबरोबर सांगितला असेल तर तो सकाळी घ्यावा. दुकानदारांनी पुडीवर वेळ लिहून दिल्यास पुष्कळ काम होते.

आमावस्था, ज्वर वा मंदाग्नी असता हा रस देऊच नये. यूरिक आम्ल वाढलेल्या रुग्णासही नको, कारण मांसातील प्युरीन पाण्यात उतरते. वृक्कविकार असेल तर संबंधित तज्ज्ञांना विचारल्याशिवाय आरंभ करू नये.

शाकाहारी रुग्ण मात्र या चर्चेत स्वतःला वंचित समजतो, ते विनाकारण. वाटाण्याचे कढण हे मांसरसाला शोधलेले पर्यायी औषध नसून त्याच सुश्रुतोक्त यादीतील स्वतंत्र पथ्य आहे. सोबत दूध, तूप आणि जुना तांदूळ आहेतच.

कोलॅजेनच्या पुड्या व गोळ्या आता अनेक दुकानांत मिळतात. त्या बहुधा मासे, गुरे किंवा डुकरे यांपासून बनतात. वेष्टनावरील उगम वाचून गिऱ्हाइकास तो स्पष्ट सांगावा, विशेषतः विचारणारा शाकाहारी असेल तेव्हा.